सेट झालं का?

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तीत ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत आणि ते समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले आहेत. तुम्ही वाचताय असले दोनशे लेख म्हणा. मिनिटाला दीडशे शब्द या वेगानं कुणी मोठ्यानं वाचायला घेतलं तर सकाळी दहाला बसलेला माणूस पाचला वीस कमी असताना उठेल, तेही मधे चहा न घेता. आणि गंमत बघा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत अख्ख्या मराठीचे मिळून साधारण तेवढेच, ६०,००० शब्द आहेत!

आकडा ऐकून थाप वाटते. पण वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत हा शब्द काय काय कामं करतो ते पाहा. सोफ्याचा सेट, लग्नातल्या दागिन्यांचा सेट, व्हॉलीबॉलचा सेट, प्राध्यापकीसाठी द्यायची ती सेट. दही सेट होतं, मोबाइलात अलार्म सेट होतो. पारावर असंही ऐकू येईल :

“काय भाऊ, पोरगा पुण्यात सेट झाला का?”

“झाला जी. औंदा संत्र्यायचंच काही सेट झालं नाही.”

हा दुसरा ‘सेट’ फार महागाचा. हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचं पाणी तोडून झाडांना ताण देतात, मग पाणी सोडलं की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. पण पाकळ्या झडल्यावर देठाशी हिरवी बारीक गुंडी धरली तरच फळ सेट झालं म्हणायचं. बहुतेक फुलं तशीच गळतात. त्यात ऊन एकदम तापलं किंवा पाण्याची वेळ चुकली की धरलेली गुंडीही खाली. आपली जुनी मराठी यालाच ‘फळ लागणं’ म्हणते, आणि आपलं ‘लागणं’ही काही कमी नाही : भूक लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नजर लागते, शिवाय तो तुमचा कोण लागतो हेही विचारता येतं.

माझ्या मते ऑक्सफर्डवाल्यांचा आकडा कमीच पडतो. आपण ‘सेटिंग’ला जे अर्थ चिकटवले, म्हणजे टेबलाखालची देवघेव किंवा कॉलेजातली जोडी, ते ऑक्सफर्डच्या हिशेबात कुठून येणार?

तसा सर्वांत जास्त अर्थांचा ‘सेट’चा मानही आता गेला. नव्या आवृत्तीच्या कामात पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने ‘रन’ या एकाच क्रियापदाला भिडले आणि ६४५ अर्थ घेऊन बाहेर आले. पूर्वी पळायची ती माणसं आणि घोडी. पुढे गिरण्या, आगगाड्या, कॉम्प्युटरचे प्रोग्राम, सगळंच ‘रन’ व्हायला लागलं. आष्टीत मात्र क्रिकेटच्या धावा सोडल्या तर हा शब्द मुख्यतः दोनच ठिकाणी भेटतो : पोलीस भरतीची पोरं पहाटे करतात ती रनिंग, आणि सुतार मजुरी लावतो तो रनिंग फूट.