परक्या गावी आपुलकीचे छप्पर : स्थलांतरितांची एकत्र येण्याची जागा कशी असावी?

पुण्याहून पौडकडे जाताना भूगाव मागे पडले की पिरंगुट परिसरातील कारखाने दिसू लागतात. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरीही मुळशी तालुक्यातच आहे. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेले अनेक बंधुभगिनी या भागात भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना काम मिळते, खोली मिळते. परंतु सुट्टीच्या दिवशी आपल्या माणसांत निवांत बसावे अशी जागा मिळत नाही. ही उणीव कशी भरून काढता येईल?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या पूर्वजांनी मुंबईत शोधले होते. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आलेले खलाशी, आचारी व वादक यांनी धोबी तलाव व आसपासच्या भागांत आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ म्हणजेच क्लब स्थापन केले. त्यांची रचना अगदी साधी होती. एक मोठी खोली, भिंतीलगत प्रत्येक सभासदाची पेटी, गावाच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि अल्प वर्गणी. सायंकाळी सर्वांनी एकत्र येऊन जपमाळेची प्रार्थना करावी असा नियम असे. बोटीवरून उतरलेल्या खलाशाला पुढची नोकरी मिळेपर्यंत येथे आसरा मिळे. गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा होई. यांपैकी काही क्लब आजही टिकून आहेत.

कुडीचे बळ इमारतीच्या भव्यतेत नव्हते. सामान ठेवण्याची हक्काची जागा, पत्र येण्याचा पत्ता आणि एकत्र येण्याची ठरलेली वेळ या तीन गोष्टींनी परका मनुष्य तेथे ‘आपला’ होई. मात्र तिच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. कूड मुख्यतः पुरुषांची होती. गावागावांच्या, आणि काही ठिकाणी जातींच्याही, भिंती तिने शहरात आणल्या.

आज अशी जागा उभारताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. ती वस्तीपासून पायी जाता येईल अशा अंतरावर किंवा बसच्या रस्त्यालगत असावी. पुणे परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. केवळ रविवारी उघडणारे सभागृह अशा कामगारांच्या उपयोगी पडत नाही. एक स्वयंपाकघर असावे, कारण आपल्या प्रांताचे जेवण एकत्र रांधताना अनोळखी माणसेही बोलू लागतात. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, पुरेसा उजेड आणि मुलांना खेळण्यापुरते अंगण हवे. कागदपत्रे सुरक्षित ठेवण्यासाठी कुलूपबंद कप्पे असावेत. मुख्य म्हणजे, किल्ली व हिशेबाची वही स्थलांतरितांच्याच हाती असावी. दुसऱ्याने चालविलेल्या जागेत मनुष्य पाहुणाच राहतो.

यासाठी नवी वास्तू बांधलीच पाहिजे असे नाही. आठवड्यातील बराच काळ रिकामे राहणारे सभागृह किंवा शाळेचा वर्गही पुरेसा आहे.

विस्थापनाचे दुःख मुळशीला नवे नाही. धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले आणि अनेक कुटुंबांना घरदार सोडावे लागले. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला परक्या माणसाच्या ठायी पाहतो. तो परका आज आपल्या शेजारच्या खोलीत राहत आहे. त्याच्यासाठी आपल्या धर्मग्रामातील कोणते दार उघडता येईल, याचा विचार आपण सर्वांनी मिळून करू या.