प्रवासाचा आराखडा : बीड ते कोकण किनारा

प्रवासाचा आराखडा हा उपयोजित लेखनाचा एक प्रकार आहे. त्यात कोणती माहिती आधी द्यावी, हे प्रदेशाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

बीडहून पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव व म्हसळा या मार्गाने श्रीवर्धनला पोहोचेपर्यंत किलोमीटरचा हिशेब पुरेसा ठरतो. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना मात्र खाड्या आडव्या येतात. बागमांडला ते वेश्वी आणि दाभोळ ते धोपावे हे टप्पे वाहनासह फेरीबोटीने ओलांडता येतात. शेवटची फेरी चुकल्यास मोठा वळसा पडतो. म्हणून फेरीबोटीच्या वेळा आधी नोंदवाव्यात व मुक्काम त्यानुसार ठरवावेत.

दुसरा घटक भरती-ओहोटीचा. भरती साधारणतः दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हरिहरेश्वरची समुद्रालगतची प्रदक्षिणा ओहोटीतच करता येते. भरतीत ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे 'सकाळी प्रदक्षिणा' एवढीच नोंद सदोष ठरते. तीत त्या तारखेची ओहोटीची वेळ असणे आवश्यक आहे.

थांबे निवडताना स्थलनामेही साहाय्य करतात. 'दिवेआगर'मधील 'आगर' म्हणजे नारळी-पोफळीची बाग. 'जंजिरा' हा शब्द बेट या अर्थाच्या अरबी 'जझीरा'वरून आला आहे. अर्थात तेथे होडीचा वेळ धरावा लागतो.

स्वाध्याय : आपल्या गावाहून श्रीवर्धन ते गुहागर अशा चार दिवसांच्या प्रवासाचा आराखडा लिहा.