हाक कोण मारतं?

भाईंदरजवळच्या राई गावातल्या एखाद्या मुलाला विचारा, तुला कबड्डी कोणी शिकवली? उत्तर ठरलेलं असतं: दादाने, नाहीतर काकाने. शाळेचं नाव त्यानंतर येतं. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, राईतच लहानाची मोठी झाले, आणि या उत्तराचा मला आनंदच होतो. माणूस खेळायला का लागतो, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. आपलं कोणीतरी आधीपासून मैदानात असतं आणि ते आपल्याला हाक मारतं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसमध्ये बसलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं वाटेत लागतात. जुनी वस्ती आगऱ्यांची, पोटापाण्याचा धंदा भातशेती आणि मिठागरं. माझ्या आजीच्या पिढीला व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उन्हात आटू द्यायचं, तळाशी धरलेलं मीठ लाकडी फळीने ओढून गोळा करायचं आणि पाट्या भरभरून डोक्यावरून वाहायच्या. पाऊस लागला की चिखलात वाकून लावणी. संध्याकाळी हुतुतू खेळायला जमणारी माणसं दिवसभर राबून आलेली असत. या आळीने त्या आळीला हरवावं, चारचौघांत नाव व्हावं, यासाठी ती खेळत. तब्येत सुधारावी म्हणून कोणी मैदानात उतरल्याचं मी घरात कधी ऐकलं नाही.

१९९० मध्ये राई-मुर्धा ग्रामपंचायत मीरा-भाईंदर नगरपरिषदेत सामील झाली, २००२ मध्ये महापालिका आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. मिठागरातलं काम आटत गेलं. पोरं शिकली, चर्चगेटच्या लोकलने कामाला जाऊ लागली. हे चांगलंच झालं. ते उन्हातलं राबणं कोणाच्या वाट्याला परत यावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण शरीराला फुकटात मिळणारी हालचाल त्याबरोबर गेली. लंडनमधले डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला होता. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. आणि हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. आमच्याकडे एकाच घरात आजी कंडक्टरसारखी जगली आणि नातू ड्रायव्हरसारखा जगतो आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी मध्यम हालचाल करावी आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, बायकांमध्ये ५७ टक्के. पालकसभेत मी हे आकडे सांगते. सगळे मान डोलावतात, एखादी आई वहीत लिहूनही घेते. पण आकडे ऐकून दुसऱ्या दिवशी कोणी चालायला निघालं, असं माझ्या पाहण्यात नाही.

मग निघतं कोण? आमच्या मुलांचं बघा. पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा लागते. दोन घरांमधलं अंगण जरा मोठं असलं की काम होतं. मोठी मुलं फक्की मारतात तेव्हापासून लहानगी आजूबाजूला घुटमळत असतात. कोणी पाण्याची बाटली धरतो, कोणी चपला राखतो, कोणी गुण मोजतो. असे कित्येक दिवस जातात. मग एका संध्याकाळी एक गडी कमी पडतो आणि कोणीतरी ओरडतं, “ए, ये रे आत!” पोराला एका टोकाला उभं करतात. संघ बराच पुढे असला की शेवटी त्याला एक चढाई देतात. तो दबकत जातो, एखाद्याला हात लावतो, घाबरून उलटा पळतो, मधल्या रेषेवर पालथा पडतो. गुडघा सोलवटतो. उठताना पाठीवर दोन-तीन थापा पडतात. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर असतो, आणि गुडघ्याची खपली निघेपर्यंत ती सगळ्यांना दाखवत फिरतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणूस एखादी गोष्ट मनापासून का करत राहतो, यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीत तीन गरजा येतात: हे मी स्वतः निवडलं आहे, हे मला जमतं आहे आणि इथे माझी माणसं आहेत. मी ते प्रशिक्षण घेताना वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतलं ते अंगण दिसलं. तिथे कोणी जबरदस्ती करत नाही, हळूहळू जमू लागतं आणि थाप मारणारे हात ओळखीचे असतात. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे शिक्षक या तिन्ही गोष्टी एका झटक्यात मोडतात. मुलाच्या मनात धावणं आणि अपमान यांची गाठ बसते, ती पुढे चाळिशीतही सुटत नाही. याविरुद्ध मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

बक्षिसाचं, नोकरीचं काय? २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, पुढच्याच वर्षी यू मुंबा संघ विजेता ठरला आणि आमची पोरं एकमेकांना ‘रेडर’, ‘डिफेंडर’ म्हणू लागली. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. टेनिस बॉलच्या क्रिकेटलाही २०२४ मध्ये ठाण्यात, दादोजी कोंडदेव क्रीडागृहात, इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचं मोठं व्यासपीठ मिळालं. माझ्या मते या आशेने दहा वर्षांचं पोर मैदानात येत नाही. आलेलं पोर मात्र तिच्यामुळे टिकतं. किंवा खरं सांगायचं तर त्याचे वडील त्याला टिकू देतात.

मुलींची गोष्ट वेगळी आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल. सातवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात. आठवी-नववीत एकेक जण गळू लागते. घरचे म्हणतात, तिला आता आवड राहिली नाही. आवड जागेवरच असते. क्लास संध्याकाळी असतो, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, पाळी सुरू झालेली असते आणि मैदानाजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह नसतं, हाफ पँट घातली की कट्ट्यावरचे बघत बसतात, आणि परत येताना अंधार पडतो. मुलांना जशी मोठ्या भावाची हाक येते तशी मुलीला कोणाची येणार? तिची मोठी बहीण तर कधीच घरी बसलेली असते.

म्हणून मी सरावाला मुली जोडीने घेते. मैत्रीण मैत्रिणीला आणते, एकीचा पाय अडला तर दुसरी ओढते. एकटी आलेली सहसा टिकत नाही. आणि परवानगी मागायला गेले की वडिलांशी दोन शब्द बोलून मी आजीजवळ बसते, कारण घरातलं शेवटचं ‘हो’ तिचं असतं. आजी फार प्रश्न विचारत नाही. “अंधार पडायच्या आत घरी आण, बाई,” एवढंच म्हणते. मी सरावाची वेळ त्या एका वाक्यावर बसवली आहे.

पुरुषांची कबड्डी आशियाई क्रीडा स्पर्धेत १९९० ला बीजिंगमध्ये आली, महिलांची २०१० ला ग्वांगझूमध्ये. मधली वीस वर्षं त्या स्पर्धेत मुलींना पुढे बघायला कोणी नव्हतं. कबड्डीपटू अभिलाषा म्हात्रेला २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडच्या मुलींना पहिल्यांदा आपल्यासारख्या आडनावाची मुलगी त्या जागी दिसली. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली. तेवढ्यावरच ती थांबली. अशी दारं बंद होतात तेव्हा त्याचा आवाज राईपर्यंत येतो.

मोठ्या बायकांचंही हाकेचं तेच सूत्र आहे. पहाटे उत्तनच्या रस्त्यावरून हेल्मेट घातलेले सायकलस्वार सपासप जातात, आणि त्याच रस्त्याच्या कडेने आमच्या बायका साडीवर, पायात चपला घालून चालतात. व्यायामाला निघालो असं त्या म्हणत नाहीत. म्हणतात, जरा फेरी मारून येतो. त्यांच्यात एक जण हाक मारणारी असते. ती प्रत्येकीच्या दाराशी थांबते, “चल गो!” म्हणते आणि चप्पल पायात सरकवेपर्यंत हलत नाही. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली की अख्खा घोळका बसतो. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी बजावलेल्या बायकासुद्धा तेव्हा घरी राहतात.

हाक मारणारी माणसं गावात अजून आहेत. जागा मात्र कमी होत चालली आहे. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्ध्यात ठरली होती, गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेली. ती लढाई घरांची आणि शेतीची होती. मोकळ्या जागेसाठी वेगळं कोण भांडणार? टर्फ आली आहेत, पण ती तासाच्या भाड्याने मिळतात, आणि पैसे मागायचे म्हटलं की आधी मुलगीच मागे सरते.

महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटर जागा पुरते. आमच्या परिसरातल्या बहुतेक शाळांच्या पटांगणात ती निघते, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं. आम्ही काही शिक्षिका आणि पालक मिळून एवढंच मागतो आहोत: आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा, ते फाटक उघडं ठेवा, एक दिवा लावा आणि स्वच्छतागृहाची किल्ली आमच्याकडे द्या. फक्की आम्ही आणू, मुलीही आम्ही आणू.