खुर्चीचे भाडे

हॉटेलाची परीक्षा तेथल्या मिसळीवरून करू नये, खुर्चीवरून करावी, असे आमच्या नानांचे मत आहे. एका कपावर माणसाला किती वेळ बसता येते आणि "आणखी काही?" असा प्रश्न किती मिनिटांनी येतो, यावर हॉटेलाची योग्यता ठरते. चहाच्या किमतीत चहा थोडा, खुर्चीचे भाडे जास्त, हे त्यांचे अर्थशास्त्र. नाना जन्मभर पोस्टात कारकून होते. हिशेबात सहसा चुकत नाहीत.

नाना म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर. शुक्रवार पेठेतला वाडा पाडला तेव्हा, १९९६ साली, आम्ही बिबवेवाडीला राहायला आलो. त्या वेळी पेठेतली माणसे बिबवेवाडीचे नाव गावाला गेल्यासारखे घेत. नानांनी मात्र पेठ सोडली नाही. निवृत्तीनंतर रोज सकाळी बसने स्वारगेट, पुढे चालत, आणि नऊच्या ठोक्याला एका ठरलेल्या हॉटेलातले ठरलेले टेबल. चौघांचा अड्डा होता. त्यांतले दोघे वारले, तिसरे मुलीकडे नाशिकला गेले. मग हॉटेलही उठले. तेथे आता मोबाइलचे दुकान आहे. गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून नाना गॅलरीत बसून असत. बोलणे इतके आटले की जेवताना मीठसुद्धा खुणेने मागू लागले. डॉक्टरांनी तपासले. कान ठीक, रक्तदाब ठीक. "यांना बोलायला माणसं हवीत," असे म्हणून त्यांनी फी घेतली. हे औषध कोणत्या दुकानात मिळते, ते काही त्यांनी लिहून दिले नाही.

म्हणून मी ठरवले, दर रविवारी नानांना पुण्यातली एक जागा दाखवायची. हॉटेल असो, कॉफीचे दुकान असो, काही असो. प्रथम त्यांनी नकार दिला. मग एका रविवारी चपला घालून दारात उभे राहिले.

मी मराठीचा मास्तर. माझे डोळे पदार्थाच्या आधी पाटीकडे जातात. केसरीवाड्यासमोर 'प्रभा विश्रांतिगृह', तुळशीबागेत 'श्रीकृष्ण भुवन'. काय भारदस्त नावे! विश्रांतिगृहात विश्रांती घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. बटाटावडा संपायच्या आत पोचण्याची धावपळच पाहिली आहे. दुसरा शब्द उपाहारगृह. उपाहार म्हणजे फराळ आणि उपहार म्हणजे नजराणा. पण पाटी रंगवणाऱ्यांनी तो काना कधीच खाऊन टाकला, आणि पुण्यात जागोजागी 'उपहारगृहे' झाली. तेथे आजवर मला कोणी काही भेट दिलेली नाही.

पहिल्या रविवारी आम्ही गुरुवार पेठेत पंचहौदापाशी गेलो. चहाची यात्रा काढायची तर तिचे आदिपीठ हेच. ऑक्टोबर १८९० मध्ये येथल्या मिशनमध्ये सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी बडी मंडळी हजर होती. सभेनंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्यायले, कोणी कपाला नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव तेथे होते. या गृहस्थांना कळ लावण्याची हौस दांडगी. त्यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उसळले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली ते घेतले आणि त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर रुष्ट झाले. एका कपाची एवढी किंमत पुण्याने पुन्हा कधी मोजली नसेल.

तेथून सोन्या मारुती चौकातल्या 'आद्य अमृततुल्य'पाशी गेलो. हे दुकान १९२४ सालचे. म्हणजे पंचहौदाच्या चहानंतर चौतीस वर्षांत त्याच गावात चहा अमृताच्या पंक्तीला बसला! हा चमत्कार घडवला तो मारवाडातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी. पितळेचे लखलखीत पातेले, शेजारी खलबत्ता, त्यात वेलदोडा आणि आले कुटण्याचा तो ठेका, आणि चौथऱ्यावर मांडी घालून चहा ढवळणारे मालक. दूध, साखर, पत्ती सगळे एकत्र उकळायचे आणि फडक्यातून गाळायचे. माझा तर्क असा की, ब्राह्मणाच्या हातचा आणि त्यातून पितळेच्या पातेल्यातला म्हटल्यावर सोवळ्या पुण्याला तो घशाखाली उतरवणे सोपे गेले. नानांना माझा तर्क ऐकवला. ते चहा संपवून म्हणाले, "इथं खुर्ची नाही, म्हणून भाडं नाही. चहा मात्र चहाच्या किमतीचा आहे." तीन महिन्यांतले त्यांचे हे सर्वांत लांब भाषण.

पुढच्या रविवारी डेक्कनवरचे 'गुडलक'. १९३५ सालचे हे इराण्याचे कॅफे. त्याने आख्ख्या चौकाला आपले नाव दिले. शहराच्या बसण्या-उठण्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यातले मोठे प्रकरण इराण्याला द्यावे लागेल. बनमस्का आणि चहा एवढ्या भांडवलावर किती जणांनी तेथे नाटके बसवली, पक्ष काढले आणि लग्ने ठरवली असतील! लष्करातले 'नाझ' बंद झाले, आणखी कितीतरी उठली. नाना बनमस्का चहात बुडवीत खिडकीबाहेर पाहत होते. एकदम म्हणाले, "पानशेत फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो."

१२ जुलै १९६१. मी हे वर्णन पुस्तकांतून वाचले आहे, वर्गात सांगितलेही आहे. पण त्या रात्री नदीकाठच्या पेठांतली माणसे आमच्या वाड्यात येऊन राहिली होती, माझ्या आजीने आंघोळीच्या हंड्यात चहा केला, साखर संपल्यावर गूळ घातला, आणि अकरा वर्षांचे नाना फुटक्या-धड्या कपांतून तो अंधारात वाटत फिरत होते, हे मला पंचेचाळीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. एका बाईने कप घेतला आणि तो रिकामा झाल्यावरही रात्रभर हातातून सोडला नाही. "तिचं कोण गेलं होतं, विचारायचं राहून गेलं," नाना म्हणाले. आम्ही तेथे सव्वा तास बसलो. "आणखी काही?" हा प्रश्न आला नाही.

त्यानंतर आम्हा दोघांनाही या भटकंतीची चटक लागली. लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाउसमध्ये थालीपीठ खाल्ले. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी हे १९३५ साली सुरू केले. चित्रपट काढणाऱ्या माणसाने हॉटेल काढावे, यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे पडदा वर जाईपर्यंत आतली धावपळ बाहेर दिसू द्यायची नसते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली'त इडली खाल्ली. उडुपीकडून पोरवयात आलेल्या जगन्नाथ शेट्टींनी 'रूपाली' आणि 'वैशाली' नावारूपाला आणली. २०२३ साली ते वारले तेव्हा पुण्याच्या तीन पिढ्या हळहळल्या. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात एक प्रदर्शन पाहिले. त्याविषयी नाना काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

चित्रांवर ते बोलले ते भलतीकडेच. कोरेगाव पार्कातल्या कॉफीच्या एका नव्या दुकानात. तेथे भिंतीवर तरुण चित्रकारांची चित्रे किमतीच्या चिठ्ठ्यांसह टांगली होती. एकात मंडई होती. नानांनी जवळ जाऊन बोटाने मोजले. "मंडईला आठ बाजू आहेत. याच्या हिशेबानं सहाच होतात." मी म्हटले, "नाना, ते चित्र आहे, नकाशा नव्हे." "मग अठरा हजार कशाचे?" मला उत्तर सुचले नाही. कॉफी चिकमगळूरची, दोनशे ऐंशी रुपये. नानांनी काउंटरवरच्या मुलीला विचारले, "यात जायफळ घालता का?" तिला जायफळ ठाऊक नव्हते. आमच्याकडे पाहुणा आला की दुधाच्या कॉफीत जायफळ किसून घालतात आणि मग तो पाहुणा दुपारभर झोपतो, हे नानांनी तिला सविस्तर सांगितले. ती हसून म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी घरून घेऊन या." आसपासची मुले एकेक कप घेऊन तीन-तीन तास संगणक उघडून बसली होती. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत म्हणे एका कपाबरोबर पाण्याचा पेला आणि वर्तमानपत्र मिळते आणि दिवसभर कोणी उठवत नाही. "भाडं जबर आहे," नाना म्हणाले, "पण खुर्ची पुरती आपली."

बिअरच्या कारखान्याला जाण्याचा हट्ट त्यांचाच. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंढव्याला बोलावले होते. देशातली पहिली मानली जाणारी अशी छोटी ब्रुअरी पुण्यातच, कोरिंथियन्स क्लबात, २००९ साली निघाली. नाव 'डुलाली'. या शब्दाची कुळकथा सांगितल्यावाचून मला राहवत नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून राहत. ऊन, ताप आणि कंटाळा यांनी काहींची डोकी फिरत. त्याला ते 'डुलाली टॅप' म्हणू लागले, म्हणजे देवळालीचा ताप! आमचे एक गाव आणि आमचा ताप इंग्रजी कोशात जाऊन बसला आणि बिअरच्या पाटीवरून पुण्याला परत आला.

मुंढव्याला काचेआड पोलादी टाक्या होत्या. विद्यार्थ्याने सगळे समजावून दिले. जवाला मोड आणून वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे म्हणजे गोडवा उतरतो. मग हॉप्सची कडवट फुले घालून उकळायचे, निववून यीस्ट सोडायचे आणि काही दिवस आंबू द्यायचे. "म्हणजे आपल्या इडलीचंच पीठ," नाना म्हणाले. "आणि चोथ्याचं काय करता?" तो गुरांना जातो, हे ऐकून त्यांचे समाधान झाले. पिण्यासाठी १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आजही परवाना लागतो, हे पोस्टातल्या माणसाला विसरता येणे शक्य नव्हते. त्यांनी लिंबू-सरबत घेतले. मी काय घेतले ते येथे छापण्याचे कारण नाही. संगीत इतके मोठे होते की एकमेकांचे ओठ वाचावे लागत. खुर्च्या उंच, नानांचे पाय लहान मुलासारखे अधांतरी लोंबत होते. परत येताना रिक्षात त्यांनी निकाल दिला, "ज्या खुर्चीवरून पाय जमिनीला लागत नाहीत, तिथं माणूस बसलेला नसतो, टांगलेला असतो."

पावसाळ्यात माझ्या परीक्षांचे काम निघाले आणि दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी मी तयार होऊन बाहेर आलो तर नाना घरात नव्हते. सौ. म्हणाली, "ते हल्ली रोजच जातात. खाली, मार्केट यार्डाच्या रस्त्याला. तुम्हांला माहीत नाही?"

गेलो. चहाची टपरी, पाटीसुद्धा नाही. पहाटेपासून यार्डात माल उतरवणाऱ्यांची तेथे ये-जा. फळांचा एक रिकामा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा टाकून नाना त्यावर बसले होते. दुसऱ्या क्रेटवर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, भुसार बाजारात चाळीस वर्षे हमाली केलेले. ते नानांना 'पोस्टमास्तर' म्हणत होते आणि नाना ही बढती बिनतक्रार घेत होते. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली तेव्हाच्या गोष्टी चालल्या होत्या. ना नफा ना तोटा या हिशेबाने भाकरी आणि झुणका. डोक्यावर क्विंटलची गोणी वाहणाऱ्याचे पोट त्यात भरे. मी मनात म्हटले, पुण्यातल्या साऱ्या पाट्यांत हे नाव सर्वांत खरे. "मास्तर, एक दिवस चला की जेवायला," ते म्हणाले. नानांनी "चला" म्हणून टाकले होते.

मला पाहून नाना म्हणाले, "ये, बस. चहा घे."

बसायला तिसरा क्रेट नव्हता. टपरीवाल्याने आत हाक मारून पाहिले, आतही नव्हता. मी उभ्यानेच चहा घेतला, आणि पैसे द्यायला लागलो तर नाना म्हणाले, "राहू दे. माझं खातं आहे इथं."