‘व्हेरी’, ‘टू’ आणि आपलं ‘खूप’

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणी आता प्रदर्शनाला जातात. कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी, कुणी मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, तर कुणी थेट दिल्लीच्या सरस मेळ्याला. तिथलं गिऱ्हाईक हिंदी बोलतं, पण मधेच दोन-चार इंग्रजी शब्द टाकतं. घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर जी ऑर्डर येते, ती तर बहुतेक इंग्रजीतच असते. बाकीचं आपण अंदाजाने ओळखतो. पण ‘व्हेरी’, ‘टू’, ‘सो’, ‘इनफ’ असे जे छोटे शब्द असतात ना, त्यांच्यावरून आपली नजर घसरते. हे शब्द गोष्ट किती आहे ते सांगतात. माल आवडला की नापसंत झाला, हे पुष्कळदा त्या एका शब्दावरच ठरतं.

समजा, एका दुकानदाराने तुमचे चाळीस किलो पापड नेले आणि आठ दिवसांनी मेसेज पाठवला, ‘पापड गुड, बट टू सॉल्टी. नॉट ड्राय इनफ.’ वाचणाऱ्या ताईला ‘गुड’ दिसलं आणि तिने हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं. त्याने मात्र तक्रार केली होती. पापड चांगले आहेत, पण मीठ नको इतकं जास्त आहे आणि ते पुरेसे वाळलेले नाहीत. आपण नमस्कार केला म्हणजे आपल्याला त्याचं काही वाटलं नाही, असा त्याचा समज होणार. पुढची ऑर्डर दुसरीकडे जाणार आणि ती का गेली हे गटाला कळणारही नाही.

गोंधळ होतो याचं कारण आपल्या ‘खूप’मध्ये आहे. मराठीत हा एकच शब्द सगळीकडे चालतो. चटणी खूप छान, आज खूप काम केलं, मिटिंगला खूप बाया आल्या. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी वेगळे शब्द लागतात. छान, तिखट, स्वस्त अशा गुण सांगणाऱ्या शब्दाआधी ‘व्हेरी’ येतो, म्हणून ‘व्हेरी नाइस’. कामाचं सांगायचं तर शेवटी ‘अ लॉट’ लावायचं, ‘वी वर्क अ लॉट’. माणसं मोजता येतात, म्हणून तिथे ‘मेनी’. त्यामुळे ‘मला तुमची साडी खूप आवडली’ याचं ‘आय व्हेरी लाइक युवर साडी’ होत नाही. ‘आय लाइक युवर साडी व्हेरी मच’ असं म्हणायचं.

आता ‘व्हेरी’ आणि ‘टू’ मधला फरक बघू, कारण खरी मेख इथे आहे. ‘व्हेरी स्पायसी’ म्हणजे चांगलंच तिखट. यात कौतुकही नाही, तक्रारही नाही, तिखट आवडणारा माणूस तेच घेऊन जाईल. ‘टू स्पायसी’ म्हणजे सोसवणार नाही इतकं तिखट. ‘टू’ आला की माप ओलांडलं असं समजायचं. ‘टू कॉस्टली’ म्हणजे परवडत नाही, ‘टू स्वीट’ म्हणजे गोड जास्त झालं, ‘टू लेट’ म्हणजे उशीर झाला आणि आता उपयोग नाही. ‘टू मच ऑइल’ म्हणजे तेल नको तितकं. आपण ‘फार तिखट’ म्हणतो तेव्हा बोलणारीच्या आवाजावरून आणि चेहऱ्यावरून कळतं की ती खुश आहे की हाशहुश करतेय. इंग्रजीत ते काम शब्दच करतो.

याला एक अपवाद आहे, तोही सांगून ठेवते. आपल्याकडची तरुण मुलं ‘टू गुड’ म्हणतात ते कौतुकानेच, अगदी भारी या अर्थाने. तेव्हा ‘टू’च्या पुढे ‘गुड’ असेल तर घाबरू नका. पण पुढे सॉल्टी, ऑइली, हार्ड, कॉस्टली असं काही असेल तर कान टवकारा.

वाक्याच्या शेवटी आलेला ‘टू’ पुन्हा वेगळाच. ‘गिव्ह मी लसूण चटणी टू’ म्हणजे लसूण चटणीसुद्धा द्या. इथे जास्त-कमीचा संबंध नाही, विक्री वाढतेय. आणि ऐकायला सारखेच असणारे आणखी दोन आहेत. आकडा दोन, तो टी-डब्ल्यू-ओ. ‘कडे, ला’ या अर्थाचा, तो टी-ओ. आपण बोलतोय तो टी-ओ-ओ, म्हणजे ओ दोन वेळा. मेसेज वाचताना दोन ओ दिसले की थांबून वाचायचं.

‘इनफ’ म्हणजे पुरेसं. हा शब्द गुणाच्या मागे लागतो, आपल्या उलट. आपण ‘पुरेसं मोठं’ म्हणतो, ते ‘बिग इनफ’ म्हणतात. नुसता ‘इनफ’ चांगला, पण आधी ‘नॉट’ असेल तर तक्रार. ‘नॉट फ्रेश इनफ’, ‘नॉट थिक इनफ’. अशीच सभ्य तक्रार ‘नॉट व्हेरी गुड’ मध्येही असते. आपणही आवडलं नाही तर तोंडावर वाईट म्हणत नाही, ‘काही फार बरं नव्हतं’ म्हणतो. तसंच ते.

‘सो’ तर आपल्या ‘इतकं… की’ सारखा चालतो. ‘सो हॉट दॅट आय कान्ट ईट’, म्हणजे इतकं तिखट की खाववत नाही. इथे ‘हॉट’कडेही लक्ष द्या. हॉट म्हणजे गरम आणि हॉट म्हणजे तिखटसुद्धा. ठेचा चाखून गिऱ्हाईक ‘व्हेरी हॉट’ म्हणालं तर ‘नाही नाही, गार आहे’ असं सांगू नका! नुसतं ‘सो टेस्टी!’ म्हटलं तर मात्र ते कौतुक, कारण पुढे काही अडचण सांगितलेली नाही.

दोन मालांची तुलना करताना ‘व्हेरी’ चालत नाही. ‘पूर्वीपेक्षा खूप चांगलं’ हे ‘मच बेटर’, ‘खूप स्वस्त पडतं’ हे ‘मच चीपर’. तुमच्या नव्या पॅकिंगला कुणी ‘मच बेटर’ म्हटलं, तर आधीचं त्याला तितकं पटलं नव्हतं हेही त्यातच आलं.

‘प्रिटी’ ऐकून काही जणी लाजतात. ‘प्रिटी’ म्हणजे सुंदर हे खरं, पण ‘प्रिटी एक्स्पेन्सिव्ह’ मध्ये सुंदर काही नाही, बऱ्यापैकी महाग एवढाच अर्थ.

‘हार्डली’ हा शब्द सगळ्यात फसवा. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, म्हणून ‘वी वर्क हार्ड’ म्हणजे आम्ही मेहनत करतो. त्याला ‘ली’ जोडून ‘वी हार्डली वर्क’ केलं की अर्थ होतो, आम्ही कामच जवळजवळ करत नाही. बँकेच्या साहेबांपुढे किंवा पाहुण्यांपुढे गटाची माहिती सांगताना हे तोंडातून जायला नको. गिऱ्हाइकाने मात्र ‘हार्डली एनी ऑइल’ म्हटलं तर ते चांगलं, तेल नसल्यासारखंच आहे असं ते म्हणतंय.

हे शब्द आले कुठून, तेही गमतीचं आहे. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ होता खरा. म्हणजे आपण ‘खरंच छान’ म्हणतो, तसंच ते होतं. वापरून वापरून त्यातला खरेपणा झिजला आणि नुसतं ‘खूप’ उरलं. मग लोकांनी पुन्हा खरं या अर्थाचा ‘रियली’ घेतला, ‘रियली गुड’. आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’ म्हणतात ना, भीतीचा काही संबंध नसताना? त्यांच्याकडेही ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ असेच भीतीच्या शब्दांमधून आलेत.

लेबलवर मात्र यातला एकही शब्द नको असं मला वाटतं. ‘व्हेरी व्हेरी टेस्टी’ छापून चव वाढत नाही, जागा मात्र जाते. ‘व्हेरी एक्सलंट’ तर चुकीचंच, एक्सलंट म्हणजे आधीच उत्तम, त्याला वर ‘खूप’ कशाला? आणि प्युअर, नॅचरल, फ्रेश असे शब्द आपल्या मनाने छापता येत नाहीत. ते कधी वापरायचे याचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली केलेत. त्यापेक्षा मसाल्याच्या पाकिटावर ‘माइल्ड’, ‘मीडियम’, ‘हॉट’ यातलं एक लिहिलं तर ‘टू स्पायसी’ची तक्रार येण्याआधीच गिऱ्हाईक आपल्या झेपेल ते पाकीट उचलेल.

तक्रारीचा मेसेज आला तर उत्तर लांबलचक नको. ‘सॉरी. टू सॉल्टी? वी विल रिड्यूस सॉल्ट इन नेक्स्ट बॅच.’ म्हणजे माफ करा, मीठ जास्त झालं का, पुढच्या घाण्यात कमी करू. त्याचाच शब्द परत लिहिला की त्याचं म्हणणं आपल्याला नीट कळलंय, हे त्याला दिसतं. मग गटाच्या वहीत तारीख टाकून ते लिहून ठेवायचं आणि पुढचं पीठ मळताना मिठाचं माप जिच्याकडे असेल तिला वाचून दाखवायचं.