बाळ कुशीत असतं, तरी घरी नेता येत नाही! परदेशात दत्तक जाणाऱ्या लेकराची वाट कुठं आणि का अडते?

समजा, पुण्यातला एक भाड्याचा फ्लॅट आहे. रात्रीचे तीन वाजलेत. आई दुधाच्या पावडरचे चमचे मोजतेय. बाप लॅपटॉप उघडून न्यूयॉर्कच्या ऑफिसची मीटिंग ऐकतोय, कारण तिकडे आत्ता संध्याकाळ आहे. आणि दीड वर्षाचं बाळ दोघांकडे पाठ करून दाराकडे बघत रडतंय. त्याला संस्थेतली मावशी हवीय.

हे आईबाप परदेशातून आलेत. बाळाला त्यांनी महिनोन्‌महिने फोटोत पाहिलंय. आता ते प्रत्यक्ष कुशीत आहे, पण त्याला घेऊन विमानात बसायची परवानगी अजून नाही. कधी मिळेल, त्याची नक्की तारीखही कुणी सांगत नाही.

आता कुणालाही प्रश्न पडेल, आईबाप तयार, बाळ तयार, मग थांबायचं कशासाठी?

याचं उत्तर पुण्यात किंवा दिल्लीत सापडत नाही. ते शोधायला बाळ जिथं सापडलं, तिथं जावं लागतं.

पहिला कागद हिंगोलीत तयार होतो

समजा, हे बाळ हिंगोली जिल्ह्यातलं आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. त्यातल्या एखाद्या गावात कुणाला टाकून दिलेलं बाळ सापडलं, तर कायदा सांगतो की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. पोलिसांना कळवायचं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापायचा. कुणी नातेवाईक पुढे येतं का, ते बघायचं.

कधी बाळ सापडत नाही, आईच ते समितीकडे सोपवते. तिलाही दोन महिने दिले जातात. परिस्थिती बदलली, मन बदललं, तर त्या काळात ती बाळाला परत नेऊ शकते.

ही सगळी चौकशी झाल्यावरच समिती जाहीर करते की हे मूल दत्तक द्यायला कायद्यानं मोकळं आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी यात २ महिने आणि त्याहून मोठ्या मुलासाठी ४ महिने अशी मुदत आहे. तोवर बाळ विशेष दत्तक संस्थेत राहतं. जिल्ह्यात अशी संस्था नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत जातं.

बाळ कुठल्या दिवशी सापडलं, कुठं सापडलं, अंगावर काय होतं, वजन किती होतं, हे सगळं या टप्प्यावर लिहिलं जातं. लिहिणाऱ्यासाठी ती रोजच्या कामातली एक नोंद असते. ही नोंद लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

परदेशी आईबापांचा नंबर कधी लागतो?

यानंतर मुलाची माहिती 'केअरिंग्ज' या पोर्टलवर चढते. हे पोर्टल 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण चालवतं. १९९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाखाली येते.

इथं आधी भारतातल्या कुटुंबांचा विचार होतो. अनिवासी भारतीय, म्हणजे परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले लोक, प्राधान्यक्रमात त्यांच्या बरोबरीनंच धरले जातात. न्यू जर्सीतलं मराठी जोडपं भारतीय नागरिक असेल, तर ते या रांगेत नाशिकच्या जोडप्यासोबत उभं असतं.

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ५९ नुसार, मूल मोकळं जाहीर झाल्यापासून ६० दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर मिळालं नाही, तर ते परदेशी कुटुंबासाठी खुलं होतं. अपंगत्व असलेली मुलं, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येतं.

म्हणून परदेशात जाणारं मूल बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतं तसं दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं असेलच असं नाही. बऱ्याचदा ते चालणारं, बोलणारं असतं. त्याला आवडीनिवडी असतात, आणि त्याची भाषा मराठी असते.

मग थांबणं सुरू होतं

आईबापांनी मुलाचा वैद्यकीय अहवाल आणि अभ्यास अहवाल वाचून होकार दिला की कागद फिरू लागतात. त्यांच्या देशानं 'हे मूल आमच्याकडे येऊन कायमचं राहू शकेल' असं लिहून द्यायचं. मग कारा ना-हरकत प्रमाणपत्र देतं. त्यानंतर दत्तक आदेशासाठी अर्ज होतो.

हा आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं. कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. दत्तक संस्था ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची सही. या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो.

ना-हरकत मिळाली पण आदेश बाकी आहे, अशा काळात नियम एक सोय देतात. आईबाप हमीपत्र लिहून देऊन मुलाला तात्पुरतं सांभाळायला घेऊ शकतात. अट एकच, मुक्काम भारतातच हवा. सुरुवातीचा फ्लॅट म्हणजे हाच मुक्काम.

आदेश आला म्हणजे संपलं असंही नाही. आदेशावरून नवा जन्मदाखला निघतो, त्यावर नव्या आईबापांची नावं येतात. जन्मदाखल्यावरून पासपोर्ट निघतो. कारा अनुरूपता प्रमाणपत्र देतं, म्हणजे हे दत्तक आंतरराष्ट्रीय करारानुसार झालंय अशी खात्री. मग व्हिसा. अमेरिकेला जायचं असेल तर ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी, दोन वर्षांवरच्या मुलाची क्षयरोगाची चाचणी. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात.

त्या दिवसांत घरात काय चालतं?

कागद सरकारी कार्यालयांत फिरत असतात तेव्हा घरात एक वेगळीच परीक्षा चालू असते.

पहिला प्रश्न खाण्याचा. संस्थेत बाळ कुठली पावडर प्यायचं, किती चमचे, बाटलीनं की वाटी-चमच्यानं, हे मावशींना विचारून वहीत लिहून घ्यावं लागतं. मऊ वरणभात आणि नाचणीची खीर खाणाऱ्या मुलाला एकदम डब्यातलं परदेशी खाणं देऊन चालत नाही. मग ज्या बाईनं आयुष्यात कुकर लावलेला नाही, ती शिट्ट्या मोजायला शिकते.

दुसरा प्रश्न झोपेचा. जे मूल दहा पाळण्यांच्या खोलीत झोपायचं, त्याला शांत खोलीची भीती वाटते. दिवा, पंख्याचा आवाज, शेजारच्या मुलाचं रडणं, यांचीच त्याला सवय असते. म्हणून संस्थेतलं दुपटं सोबत आणायचं आणि काही दिवस ते धुवायचं नाही. त्या वासावर बाळ झोपतं.

तिसरा प्रश्न माणसांचा. सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर दाढीवाल्या, उंच, वेगळ्या रंगाच्या बाबांना बघून मूल किंचाळू शकतं. बाबांना ते मनाला लावून घेऊन चालत नाही. जमिनीवर बसायचं, डबे वाजवायचे आणि मूल स्वतःहून जवळ येईपर्यंत वाट बघायची.

आणि चौथा प्रश्न भाषेचा. 'पाणी', 'भूक', 'शू', 'बास', 'दुखतंय', 'ये', 'घाबरू नको'. एवढे सात शब्द आईबापांना आले तरी घरातलं निम्मं रडणं कमी होतं. मूल इंग्रजी, स्वीडिश किंवा इटालियन पुढे शिकेलच. पण इतक्या अनोळखी गोष्टींमध्ये त्याच्या ओळखीचं काहीतरी त्यांच्या तोंडी असावं लागतं.

याच्या जोडीला मोठ्यांच्या अडचणी असतातच. परदेशी पाहुणा ठेवला की घरमालकाला त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. सुट्टी संपत येते. अमेरिकेत दत्तकासाठी कायद्यानं मिळणारी सुट्टी १२ आठवड्यांची आहे, तीही बिनपगारी, आणि ती सगळ्या नोकरदारांना लागू नाही. काही घरांत मग एक जण परत जातो आणि दुसरा बाळाजवळ थांबतो. काही जण सगळे आदेश हातात आल्यावरच भारतात येतात. त्यांचा मुक्काम छोटा होतो, पण तोवरचे महिने फोटोवर काढावे लागतात.

हे सगळं इतकं किचकट का केलं?

कारण एकेकाळी ते फारच सोपं होतं.

१९५६ च्या कायद्यानं भारतात फक्त हिंदूंना दत्तक घेता यायचं. हिंदू नसलेले परदेशी लोक १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचे नुसते पालक व्हायचे, त्याला घेऊन जायचे आणि आपल्या देशात गेल्यावर दत्तक घ्यायचे. मधल्या काळात ते मूल कुणाचं, याचं ठाम उत्तर नसायचं.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली कोवळ्या मुलांना जीवघेण्या लांब प्रवासाला पाठवलं जातं आणि तिकडे पोचल्यावर काहींचे हाल होतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठानं निकाल दिला आणि परदेशी दत्तकासाठी सविस्तर नियम घालून दिले. आधी देशात घर शोधा, परदेशातल्या घराची मान्यताप्राप्त संस्थेकडून चौकशी करा, नंतरही मुलाची खबर घ्या, हे तत्त्व तिथून आलं. पुढे २००३ मध्ये भारतानं १९९३ च्या हेग करारालाही मान्यता दिली.

आता आईबापांनी स्वतः भारतात येऊन मुलाचा ताबा घ्यायचा आणि स्वतःच त्याला सोबत न्यायचं, असा नियम आहे. घरी पोचल्यावरही दोन वर्षं अहवाल जातात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

पुण्याची लैला

जुन्या काळाचं एक सुंदर उदाहरणही आहे. १३ ऑगस्ट १९७९ ला पुण्यात एक मुलगी जन्मली. ससून रुग्णालयाच्या आवारातल्या 'श्रीवत्स' या संस्थेत तिचं नाव लैला ठेवलं होतं. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांची इंग्लंडमध्ये जन्मलेली पत्नी स्यू हे तेव्हा अमेरिकेत राहत होते. ते मुलगा दत्तक घ्यायला आले होते. त्यांनी लैलाला पाहिलं आणि मुलगा शोधणं तिथंच थांबलं. ती काही आठवड्यांची असताना त्यांची झाली.

तीच पुढे ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर. २०१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत विश्वचषक जिंकून तिनं निवृत्ती घेतली, २०२० मध्ये ती आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली.

लिसाला चांगलं घर मिळालं. पण सगळ्याच मुलांचं नशीब असं असेल, यावर व्यवस्था चालवता येत नाही. आजची लांबलचक वाट तेवढ्यासाठीच आहे.

भावाचं मूल नेतानाही थांबावं लागतं

'आपल्याच भावाचं मूल आहे, दत्तकविधान केलं, कागद नोंदवला, आता घेऊन जातो.' अनेक अनिवासी कुटुंबं इथंच अडकतात. गावातला दत्तकपत्राचा कागद दाखवून परदेशात मूल नेता येत नाही, तिथंही काराची ना-हरकत लागते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू दत्तक कायद्याखालच्या दत्तकांसाठीही कारामार्फत मार्ग खुला झाला. त्यात जिल्हा पातळीवर पडताळणी होते. म्हणून तिकीट काढायच्या आधी ही चौकशी करावी.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'अनाथ बाळ दत्तक द्यायचं आहे, या नंबरवर संपर्क करा' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत असे मेसेज खूप फिरले होते. ठरलेली पद्धत सोडून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बाळ सापडलं तर १०९८ वर फोन करायचा.

आता हिंगोलीच्या त्या नोंदीकडे

परदेशात वाढलेली अनेक मुलं मोठी झाल्यावर विचारतात, मी कुठून आलो? नियमांनी त्यांना आपली मुळं शोधायची वाट ठेवली आहे. जन्मदात्यांची ओळख जपून, पण बाकी माहिती त्यांना मागता येते.

तेव्हा ते कुणाला विचारणार? मावशी निवृत्त झालेली असेल, फ्लॅटमध्ये दुसरं कुणी राहत असेल. उरतो तो फक्त कागद. अमुक तारीख, अमुक गाव, अंगावर पिवळं झबलं, वजन अमुक किलो. बाकीच्यांना लहानपणच्या गोष्टी आजी सांगते, या मुलांना त्या फाईल सांगते. ती फाईल घाईत केली, एखादा टप्पा गाळला, तर त्या मुलाच्या आयुष्याचं पहिलं पान कायमचं कोरं राहतं.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री तीनला हे आठवणं सोपं नसतं. तिथं सुट्टीचे उरलेले दिवस मोजले जात असतात. पण थोड्याच दिवसांत बाळ दाराकडे बघायचं थांबतं आणि दूध कोण देतंय ते बघायला लागतं. मग एका सकाळी संस्थेतून फोन येतो, पासपोर्ट आला. बॅगा भरल्या जातात. न धुतलेलं दुपटं सगळ्यात वर ठेवलं जातं, विमानात हाताशी असावं म्हणून.