उणे व्होल्ट आणि वाया जाणारी ऊब

राजूरसारख्या बाजारगावी बॅटरीवर चालणारा एखादा मिक्सर उघडून पाहिला, तर आतील ऑप-ॲम्पला पुष्कळदा अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट असा दुहेरी पुरवठा लागतो. उणे म्हणजे विजेचा अभाव, ही समजूत आम्हांला कामगारांच्या वर्गांत वारंवार आढळली. तसे नव्हे. जमीन शून्य धरली, तर माळ्यावरची टाकी अधिक आणि विहिरीचा तळ उणे. आवाजाची लाट शून्याच्या दोन्ही बाजूंस हेलकावते. तिला खालचीही जागा हवी.

ही खालची पातळी स्थिर राखण्याचा जुना उपाय म्हणजे ७९१२ हा तीन पायांचा रेग्युलेटर. त्यास उणे १८ व्होल्ट देऊन अर्धा अँपिअर घेतला, तर ६ वॉट कामी येतात आणि ३ वॉट उष्णता होऊन जातात. उणे २४ दिले, तर निम्मी वीज गेलीच! शेजारी भंडारदऱ्याला पाण्याच्या उंचीतून वीज काढतात. येथे मात्र जास्तीची उंची नुसती जाळून टाकायची. बॅटरीवर हा व्यवहार आम्हांस पटत नाही.

आणखी एक. ७८१२ चा मधला पाय व धातूची पाठ शून्यास जोडलेली असते, ७९१२ ची मात्र आवक बाजूस. पाठ थेट पेटीस आवळली की शॉर्ट. एका दुकानात अशाच जळालेल्या सेटबद्दल कारागिराची मजुरी कापली गेली. अभ्रकाची चकती घालावी, हे त्या पोरास कोणी सांगितलेच नव्हते.

काटकसरीचा मार्ग कॉइलचा. नळातून धावते पाणी झडप मिटताच थांबत नाही, मागे ओढ निर्माण करते. तसेच स्विच बंद होताच कॉइल डायोडमार्गे कपॅसिटरमधून प्रवाह ओढते आणि त्याचे टोक शून्याखाली जाते. स्विच निम्मा वेळ चालू ठेवला, तर अधिक १२ पासून सुमारे उणे १२ मिळतात. मात्र त्या स्विचवर २४ व्होल्टचा ताण येतो, आणि डायोड शॉटकी जातीचा घ्यावा. त्यात व्होल्ट कमी खर्ची पडतात.

या पुरवठ्यात बारीक थरथर राहते व ती आवाजात उतरते. म्हणून आम्ही कॉइलने उणे साडेचौदा करून पुढे ७९१२ बसवावा म्हणतो. त्यात सव्वा वॉटच जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे अधिक टोक मात्र येथे शून्यास जोडायचे.